हलक्या वास्तूचा पाया

आमच्या जुन्या गोठ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला एक भेग होती. मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याच्याही आधीची. सासूबाई त्या भेगेत विळा खोचून ठेवायच्या. उन्हाळाभर विळा सहज आत-बाहेर व्हायचा, पण श्रावण लागला की काही केल्या निघायचा नाही. "भिंतीनं धरलाय, सोडंल दिवाळीनंतर," असं म्हणून त्या दुसरा विळा घ्यायच्या. आणि खरंच, दिवाळी होऊन रानं वाळायला लागली की विळा सुटायचा. तेव्हा मला त्याचं नुसतं नवल वाटायचं. 31 वर्षं हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं, पण त्या विळ्याचा अर्थ कळला तो गेल्या वर्षी, त्याच जागेवर गाडीसाठी गॅरेज बांधायला काढलं तेव्हा.

आमचं घर वडगावच्या पुढं, येळ्ळूरच्या वाटेवर. इथली माती काळी. बेळगावचा बासमती म्हणून जो तांदूळ जुनी माणसं अजून आठवतात, तो ह्याच पट्ट्यातला. पावसाळ्यात ही माती चपलेला अशी धरते की पाय निघतो आणि चप्पल तिथंच राहते. एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात, हाताचा पंजा उभा आत जाईल एवढ्या. भाताला ही माती सोन्यासारखी. भिंतींना मात्र ती सुखानं उभं राहू देत नाही.

निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली आणि साठाव्या वर्षी चालवायला शिकले. दोन वर्षं ती गल्लीतच उभी होती. गणपतीत मांडव पडला की तिला हलवायचं, कुणाचं लग्न निघालं की हलवायचं. त्याचं काही वाटत नव्हतं. पण जुलैत शिवारात पाणी भरलं की उंदीर बिळं सोडून वर येतात आणि गरम इंजिनाजवळ आसरा घेतात. एका सकाळी ह्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, किल्ली फिरवली तर काहीच नाही. बॉनेट उघडलं तर वायरींचे तुकडे आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचं नीट रचलेलं घरटं. भर पावसात रिक्षा शोधायला ह्यांना चालावं लागलं, ते माझ्या मनाला फार लागलं. त्याच दिवशी ठरवलं, परसातल्या पडक्या गोठ्याच्या जागी गाडीला घर बांधायचं.

ज्याला-त्याला वाटत होतं, घराच्या भिंतीला टेकून चार पाइप उभे करावेत, वर पत्रा टाकावा, झालं. दिरांनी तर फॅब्रिकेटरही बघून ठेवला होता. ज्या गवंडी मामांनी आमच्या शेजारचं घर बांधलं, त्यांना बोलावलं. खानापूर तालुक्यातले, पासष्टीच्या पुढचे. त्यांनी घराच्या भिंतीवर नखानं टकटक केलं. "बाई, ही मातीत बसवलेल्या दगडाची भिंत. ऐंशी वर्षं बसत-बसत जागा धरून बसलीय. हिला नवीन काही चिकटवलं की नवीन वेगळं बसणार, जुनी वेगळी. मधी फट पडणार, आणि पावसाला फटच पाहिजे असते की." म्हणून गॅरेज घरापासून 6 फूट सुटं. पागोळ्यांचं पाणी मधल्या बोळातून निघून जाईल, आणि गाडीचा धूर, पेट्रोलचा वास घरात येणार नाही. हे दुसरं कारण मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं. बंद जागेत इंजिन चालू ठेवलं तर जो कार्बन मोनॉक्साइड साठतो त्याला रंग नाही, वास नाही. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून असलं काही मला नकोच होतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. पंचायतीत ई-स्वत्तूचा, म्हणजे संगणकावरच्या मिळकत-नोंदीचा उतारा, नमुना 9 आणि 11, सगळं कन्नडमध्ये. मी कन्नड अक्षर लावत-लावत वाचते. पहिल्या उताऱ्यात आमच्या जागेची लांबी आणि रुंदी उलटी पडली होती, ती दुरुस्त व्हायला पाच खेपा झाल्या. तेवढ्यात जानेवारी गेला.

आखणीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. आतल्या मापानं 12 बाय 20 फूट धरलं होतं. माझी गाडी 4 मीटरच्या आतली, म्हणजे 13 फूट. पण दारं उघडून दोन्ही बाजूंनी माणूस उतरला पाहिजे आणि मागं कपाट, पाना-हातोडी ठेवायला जागा पाहिजे. मामांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि कोपऱ्यावर टेप लावला. एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर 5 येईपर्यंत खुंटी सरकवायची. पायथागोरस! फळ्यावर मी हा त्रिकोण किती वेळा काढला असेल. पण जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर तो उभा राहताना पहिल्यांदाच बघत होते. खरं तर त्याला पायथागोरसचं नावही द्यायला नको. आपल्याकडं बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा हा नियम आहे, 3 आणि 4, 12 आणि 5, 12 आणि 35 अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. आणि शुल्ब म्हणजे दोरीच. यज्ञाची वेदी आखणारी दोरी आणि मामांच्या हातातली नायलॉनची दोरी एकच काम करत होत्या.

मी म्हटलं, "मामा, 3-4-5 ऐवजी 12-16-20 घेऊ या का? आखूड बाजू आपली 12चीच आहे, अख्खी घेता येईल." लहान त्रिकोणात अर्ध्या इंचाची चूक झाली तर 20 फुटांवर ती अडीच इंचांची होते. मोठ्या त्रिकोणात चूक वाढायला फारशी जागा राहत नाही. मामांनी थोडं थांबून विचार केला आणि दोरी सोडली. पुन्हा ताणली. मग दोन्ही कर्ण मोजले, एक 23 फूट 4 इंच, दुसरा 23 फूट साडेचार. एका खुंटीला हातोडीचा हलका टोला. दोन्ही सारखे. मग फक्कीनं पांढऱ्या रेघा ओढल्या, आणि गोठ्याच्या जागी एक कोरा आयत दिसायला लागला.

खोदायला बैलहोंगलकडचं एक जोडपं आलं. त्यांची भाषा कन्नड, मामा मराठी. मी मधे. खरं म्हणजे मधे कुणी लागतच नव्हतं. मामा म्हणायचे "साक," म्हणजे कन्नडमध्ये पुरे, त्यातली बाई मराठीत म्हणायची "बास काय?" आणि काम पुढं जायचं. ती मला "अक्का" म्हणायची. डोक्यावरच्या घमेल्यातली माती टाकून येताना दर वेळी एक ढेकूळ हातात चुरडून बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "एरी मण्णु, अक्का. इन्नू गरसु बंदिल्ला." काळीच आहे अजून, मुरूम आला नाही. तिच्या माहेरची जमीनही अशीच, तिला चुऱ्यावरून कळतं.

सहा खांबांचे सहा खड्डे. चार कोपऱ्यांत, दोन लांब भिंतींच्या मध्यावर. पहिल्या पाच खड्ड्यांत साडेतीन-चार फुटांवर पहारीचा आवाज बदलला. तोवर ती मातीत मुकी शिरत होती, आता खण्ण करून परत यायला लागली. मुरूम. तांबूस-पिवळा, करकरीत. मामांनी त्यातही अर्धा फूट खाली जायला लावलं. सहावा खड्डा, पश्चिमेकडच्या मागच्या कोपऱ्यातला. चार फूट झाले, काळीच माती. पाच झाले, आता मातीही धड नाही, भुसभुशीत, हाताला हलकी. तिनं ढेकूळ चुरडलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "गोब्बर." शेणखत.

तेव्हा ह्यांना आठवलं. त्यांच्या लहानपणी, बैल असताना, तिथं उकिरड्याचा खड्डा होता. नंतर तो बुजवून त्यावर गोठा वाढवला. विळ्याची भिंत बरोबर त्याच्याच वर उभी होती. बुजवलेल्या मातीत बैलाच्या पायाची एक पत्री मिळाली, गंजून पापुद्रे सुटलेली, अर्धचंद्रासारखी, एका भोकात मोडका खिळा अजून तसाच. सासऱ्यांच्या बैलांपैकी एकाची असणार. मी ती धुऊन वाळवून ठेवली. तो कोपरा 6 फूट 8 इंचांवर मुरमाला लागला. तोवर दोन दिवस गेले होते. आता इथं थोडं कमी चाललं असतं, असं दिरांचं म्हणणं होतं. "गॅरेज तर आहे, बंगला कुठं बांधालोय?"

ह्या एका वाक्यावर मी बरंच वाचलं, आणि जे कळलं ते काळ्या मातीत बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. आपण दख्खनच्या लाव्हा-खडकाच्या पट्ट्याच्या दक्षिणेकडच्या कडेला राहतो. लाव्हारसाचा काळा खडक झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखे पातळ थर. पाणी ह्या थरांच्या मधे शिरतं आणि कॅट फुगतो. वाळला की आकसतो. म्हणून उन्हाळ्यात भेगा, म्हणून पावसात विळा धरला जातो. आणि ही फुगणारी माती वर ढकलते. घर जड असेल, दोन मजल्यांचं, स्लॅबचं, तर त्याचं वजन तिला बरंचसं दाबून ठेवतं. कुंपणाची भिंत, न्हाणीघर, पोर्च, गॅरेज ह्यांचं वजनच नसतं, म्हणून माती त्यांना सहज उचलते. एका कोपऱ्याला जास्त, दुसऱ्याला कमी. आपण करतो नेमकं उलटं. वास्तू हलकी म्हणून पाया उथळ घेतो. गावात कुठल्याही गल्लीत बघा, घरं धड आहेत आणि त्यांच्या कुंपणभिंती तडकलेल्या.

म्हणून सहाही खड्डे न फुगणाऱ्या मुरमापर्यंत गेले. तळाला 4 बाय 4 फुटांची फूटिंगं, म्हणजे काँक्रीटच्या बैठका, त्यावर 9 बाय 12 इंचांचे खांब. खांबांना जोत्याशी एकमेकांत बांधणारी आडवी तुळई, प्लिंथ बीम, मात्र मामांनी मातीला टेकवली नाही. खाली वाळूचा थर घालून त्यावर ओतली, आणि नंतर ती वाळू उकरून काढली. बीमच्या खाली चार बोटांची पोकळी. मातीनं फुगावं, त्या पोकळीत फुगावं, बीमला हात लावू नये. बाहेरून ती पोकळी फरश्यांच्या तुकड्यांनी झाकली, नाही तर तिथंही उंदीर. खोदून काढलेल्या काळ्या मातीचं एक घमेलंही जोत्यात परत घालू दिलं नाही. ती परसाच्या टोकाला नेऊन टाकली, तिथं आता भेंडी-गवारी छान आलीय. जोत्यात आणलेला मुरूम भरला, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस करत.

भिंती चिऱ्याच्या. खानापूरच्या पश्चिमेकडून आलेला तांबडा जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होत जातो. बाहेरून गिलावा केला नाही, फक्त दरजा भरल्या. संध्याकाळच्या उन्हात ती भिंत जी दिसते, त्यावर रंग लावायची कुणाची इच्छा होईल असं मला वाटत नाही. दार पूर्वेला, कारण आमच्याकडं पावसाची झड येते ती पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. शटर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतून करून आणलं, 9 फूट रुंद. त्यात सांगण्यासारखं काही नाही. झरोक्यांबद्दल मात्र सांगते. सगळे झरोके वर ठेवतात, गरम हवा जाते म्हणून. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर पसरते. म्हणून आम्ही समोरासमोरच्या भिंतींत खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर दोन-दोन झरोके ठेवले, बारीक जाळी मारून, आणि तेवढेच वर. ह्याच कारणासाठी गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा घेतला नाही. मला तो फार हवा होता. मामा म्हणाले, पावसात त्यात पाणी पाझरणार. मी म्हटलं, पाझरलं नाही तरी वाफ तिथंच जाऊन बसणार. तो विषय तिथं संपला.

छपराला पत्रा की कौल ह्यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. पत्रा स्वस्त, पटकन होतो, वानरं काही करू शकत नाहीत. पण पहाटे पत्र्याच्या पोटाला घाम सुटतो आणि गाडीवर टपटपतो. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते. ही मंगळुरी कौलं म्हणजे बासेल मिशननं 1860च्या दशकात मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यांची देणगी. आमच्या गोठ्यावरची उतरवून मोजली तर 540 धड निघाली. हवी होती सातशेच्या आसपास. उरलेली जवळच्या एका पाडलेल्या घराची मिळाली. सव्वादोन-अडीच किलोचं एक कौल, म्हणजे सगळं मिळून दीड टनाच्या वर. मामा कौलं चढवून घेताना म्हणाले, "वजन बसू दे. हलकं छप्पर वाऱ्याला आवडतं, आणि तुमच्या मातीलाबी." वानरं येतात, चार-सहा कौलं सरकवून जातात. मी काठीनं परत बसवते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोबा. 12 बाय 20 फूट, 5 इंच जाड, म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास काँक्रीट. एकास दीड, तीन ह्या प्रमाणानं, कोरडा माल ओला झाला की दबतो हे धरून हिशेब केला, 23 पोती सिमेंट, 42 घनफूट वाळू, 84 घनफूट खडी. वाळू म्हणजे एम-सँडच, दगड दळून केलेली. मधे एक आडवा सांधा सोडून दोन चौरसाजवळचे भाग केले, भिंतींच्या कडेनं थर्माकोलची पट्टी, म्हणजे कोबा भिंतींशी जखडला जाऊ नये. मागून पुढं अडीच इंचांचा उतार, धुतलेलं पाणी दाराबाहेर जावं म्हणून. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. दुपारी दोनला शेवटचं घमेलं पडलं. चारला पूर्वेकडून आभाळ भरून आलं.

वळीव इथं असाच येतो, आधी धूळ, मग एकदम थेंब, सुपारीएवढे. शटर अजून बसलं नव्हतं, पूर्वेचं तोंड सताड उघडं. त्या जोडप्यानं ताडपत्री धरली, मी एक कोपरा धरला, मामांनी दगड ठेवले. तरी दाराजवळचा तीनेक फुटांचा पट्टा भिजला. पाऊस अर्ध्या तासात गेला आणि ताडपत्री काढली तर तिथं देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे. एका पोऱ्यानं सिमेंटचं पोतं उघडलं, कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी शोषायला. मी त्याचा हात धरला. कोरडं सिमेंट वर टाकलं की त्याची पातळ साय धरते आणि वर्षाच्या आत पापुद्र्यासारखी निघते. मामा म्हणाले, "बाई बरोबर सांगालेत, थांबा." आम्ही तासभर थांबलो. पाणी आपोआप उतरलं, कडेचं फडक्यानं टिपलं, आणि मग त्यांनी गुडघ्यांखाली फळी घेऊन तो पट्टा पुन्हा लाकडी रंद्यानं घोटला, दिवा लावून, रात्री आठपर्यंत. आजही तो पट्टा बाकीच्या कोब्यापेक्षा किंचित खरखरीत आहे. अनवाणी चालले की पायाला कळतो.

दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी करून पाणी साठवलं. साधं सिमेंट असेल तर निदान 7 दिवस, फ्लाय-ॲश मिसळलेलं असेल तर निदान 10 दिवस भिजत ठेवायचं असतं. आमचं दुसऱ्या प्रकारचं. मेमध्ये आमची बोअर अर्धा तास चालून थांबते. मी पहाटे पाचला उठून सोडायची, संध्याकाळी टँकरचं. पाणी मारायचं काम माणसं दोन-तीन दिवसांत सोडून देतात, कारण वरून काँक्रीट दगडासारखं दिसायला लागतं. मी 14 दिवस मारलं.

जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी गाडी आत घेतली. पत्री धुऊन ठेवली होती, ती त्या सहाव्या खांबावर खिळ्यानं लावली. मग पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेतली, गवंड्याची लेव्हल काढायची असते ती, आणि सहाही खांबांवर एकाच पातळीला पेन्सिलनं रेघा मारल्या, बाजूला तारीख लिहिली. त्या पावसाळ्यात शिवारात पाणी दोनदा बांधावरून गेलं. बोळातून पागोळ्यांचं पाणी नीट वाहत होतं. जुन्या घराच्या भिंतीतल्या बारीक भेगा नेहमीप्रमाणे मिटल्या.

श्रावणातल्या एका उघडीप पडलेल्या सकाळी मी नळी पुन्हा बाहेर काढली. ह्यांनी एक टोक पहिल्या खांबाच्या रेघेला धरलं, दुसरं टोक घेऊन मी एकेका खांबाशी गेले. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मागच्या कोपऱ्यातल्या सहाव्याशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले, नळीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत.

"किती?" ह्यांनी दारातून विचारलं.

"रेघेवर आहे."

त्यांनी नळी गुंडाळून कपाटात ठेवली, वरच्या कप्प्यात, हाताशी. एप्रिलमध्ये भेगा पडल्या की परत लागणार आहे.